बेळगावचं उद्याचं हवामान: तीन पट्टे आणि वरून येणारं पाणी

कणकुंबीपासून बेळगाव शहर सरळ रेषेत पस्तीसेक किलोमीटर. तेवढ्या अंतरात वर्षाचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या आसपासवरून तेराशेवर येतो. तिथून ईशान्येला आणखी पन्नास किलोमीटर गेलं की गोकाक, तिथे साधारण साडेपाचशे. अथणीतही सहाशेच्या आतबाहेर. खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आमगावचा पाऊस काही वर्षी अतिपावसासाठी प्रसिद्ध असलेल्या आगुंब्याशी स्पर्धा करतो, आणि त्याच वर्षी जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा शेतकरी विकतचा कडबा शोधत फिरत असतो. कर्नाटकाचे दहा कृषी-हवामान विभाग पाडलेले आहेत, त्यांतले तीन एकट्या बेळगाव जिल्ह्यात येतात. खानापूर डोंगरी विभागात. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी, बैलहोंगल उत्तरेकडच्या संक्रमण विभागात. अथणी, रायबाग, गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग उत्तरेकडच्या कोरड्या विभागात.

एवढ्या फरकाच्या मुलखात २०५० च्या सुमारास हवामान कसं असेल, हा प्रश्न आम्ही भूगोलाच्या पदवी वर्गात प्रकल्प म्हणून घेतला. मुलं तिन्ही पट्ट्यांतली होती. बेंगळुरूच्या सीस्टेप या संस्थेने २०२२ मध्ये दक्षिणेकडच्या राज्यांसाठी जिल्हावार अंदाज प्रसिद्ध केले होते. ते काम मोलाचं आहे, कारण त्यामुळे निदान जिल्हा प्रशासनाच्या टेबलावर हा विषय आला. पण जिल्ह्याला एक आकडा मिळाला की आमच्यासारख्या ठिकाणी तो कोणाच्याच शेतावर लागू पडत नाही. जिल्ह्याच्या सरासरीएवढा पाऊस प्रत्यक्षात एका अरुंद पट्टीतल्या थोड्या गावांत पडतो, बाकी सगळे तिच्या वर तरी असतात नाहीतर खाली.

चौकोनात मावलेला सह्याद्री

जागतिक हवामान मॉडेलं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या, २०२१ च्या अहवालामागे जी मॉडेलं होती त्यांतल्या बहुतेकांचा एक चौकोन शंभर किलोमीटरच्या आसपासचा किंवा त्याहून मोठा आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं मॉडेल, भारताचं या प्रकारचं पहिलं, त्यांत होतं. त्याची जाळीही जाडच. असा एक चौकोन आपल्या भागावर ठेवून बघा: पणजीचा किनारा, चोर्ला घाट, कणकुंबीचं जंगल आणि बेळगावचं शिवार, सगळं एकाच खान्यात येतं. मॉडेलमधला सह्याद्री गोव्यापासून बेळगावपर्यंत हळूहळू चढत जातो, त्याला कडा नसतो. ढग जिथे आदळून रिकामे व्हायला हवेत तिथे ते होत नाहीत, आणि पलीकडची पर्जन्यछायाही पुसट होते.

म्हणून आम्ही नासाने पाव अंशाच्या जाळीवर उतरवलेला संच घेतला. त्यात १९५० ते २१०० पर्यंतचे रोजचे आकडे आहेत आणि एक चौकोन साधारण सत्तावीस किलोमीटरचा आहे. पडताळणीला भारतीय हवामान खात्याचा त्याच मापाचा, १९०१ पासूनचा पावसाचा संच पुण्याहून मोफत मिळतो. नकाशा काढल्यावर मुलं हरखली. पश्चिमेला गडद निळा, मधे फिका, पूर्वेला पिवळा, अगदी ओळखीचा बेळगाव जिल्हा.

इथे थांबून समजून घ्यावं लागलं. जाड जाळी बारीक करताना मॉडेलचा भूतकाळ आणि खरा मोजलेला भूतकाळ शेजारी ठेवतात. मॉडेल कुठे जास्त दाखवतं, कुठे कमी, हे पाहून दुरुस्ती ठरवतात आणि तीच दुरुस्ती भविष्याला लावतात. म्हणजे नकाशातला जो बारकावा आपल्याला सुखावतो, कणकुंबीला जास्त, गोकाकला कमी, तो जुन्या पर्जन्यमापकांनी दिलेला असतो. मॉडेलकडून येतो तो फक्त बदल, आणि तो बदल मात्र अजून जाड चौकोनातलाच असतो. जाळी बारीक झाल्याने माहिती बारीक होत नाही. घाटमाथ्यावर पाऊस इतका वाढेल आणि पस्तीस किलोमीटरवर तितका, असं कोणी या संचावरून सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

टक्केवारीचंही तसंच. दहा टक्के वाढ म्हटली की सगळ्यांना सारखीच वाटते. कणकुंबीत ती पाचशे मिलिमीटर होते, म्हणजे गोकाकला वर्षभरात पडतो जवळपास तेवढा पाऊस. गोकाकात ती पंचावन्न, दोन-तीन जोरदार वळवांइतकी. जिल्ह्याच्या अहवालात दोन्हींपुढे एकच "१०" छापलेला असतो.

रेषा सरकते, पण किती?

मुलांना सगळ्यात जास्त उत्सुकता कोपेनच्या नकाशाची होती. व्लादिमिर कोपेन यांनी १८८४ मध्ये मांडलेली हवामानाच्या प्रकारांची वर्गवारी अजून वापरात आहे, आणि २०१८ मध्ये तिचे एक किलोमीटर जाळीचे जागतिक नकाशे आले, आजचे आणि २०७१ ते २१०० साठीचे. आपला जिल्हा त्यात तीन रंगांत येतो: घाटमाथ्यावर मोसमी, मध्ये सव्हाना, पूर्वेला निमकोरडा. प्रश्न असा होता की निमकोरड्याची सीमा बेळगावकडे किती सरकेल?

याचं गणित हाताने करता येतं आणि ते प्रत्येकाने करावं असं मला वाटतं, कारण त्यातून नकाशाचा दरारा उतरतो. जिथे बहुतेक पाऊस एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत पडतो तिथे वार्षिक सरासरी तापमानाची वीसपट करायची आणि त्यात २८० मिळवायचे. पाऊस त्याहून कमी असेल तर जागा कोरड्या गटात, आणि त्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर निमकोरडी. सरासरी तापमान २५ अंश धरलं तर उंबरठा ७८० मिलिमीटर होतो. गोकाक, अथणी त्याच्या खूप खाली, बेळगाव खूप वर. सीमा मधल्या गावांतून जाते.

आता तापमान तीन अंशांनी वाढवा. उंबरठा साठ मिलिमीटरने वर चढतो. बेळगाव ते गोकाक पन्नास किलोमीटरमध्ये पाऊस साडेसातशे मिलिमीटरने उतरतो, म्हणजे किलोमीटरला पंधरा. साठ भागिले पंधरा, चार किलोमीटर! तीन अंशांची वाढ, जी या मुलखातल्या माणसा-जनावरांना असह्य होईल, ती नकाशावरची रेषा फक्त चार किलोमीटर पश्चिमेला ढकलते. त्यात पाऊस दहा टक्क्यांनी वाढला तर रेषा पाच-एक किलोमीटर पूर्वेला परत जाते. एका दुष्काळी आणि एका ओल्या वर्षात ती याच्या कित्येक पटींनी हलत असते.

पश्चिमेकडची सीमाही अशीच तपासली. डिसेंबर-जानेवारी कोरडा जात असेल तर मोसमी गटात यायला वर्षाला २,५०० मिलिमीटर पाऊस लागतो. कणकुंबी त्याच्या दुप्पट. खानापूर गाव त्याच्या खाली. दोन्हींपैकी कोणी गट बदलण्याची शक्यता दिसत नाही.

वर्गात थोडी निराशा पसरली, पण मला हा या प्रकल्पाचा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा वाटतो. ज्या नकाशावर देश रंगवून भविष्य दाखवलं जातं, त्यात आपला जिल्हा २०५० मध्ये जवळपास आजच्यासारखाच दिसेल. ते पाहून कोणी "आपल्याकडे काही होत नाही" असं म्हणालं तर ती मोठी फसगत ठरेल. वर्गवारी महिन्यांच्या आणि वर्षाच्या सरासऱ्यांवर चालते. पाऊस चार दिवसांत पडला की चाळीस दिवसांत, हे तिला कळत नाही. ऑगस्ट कोरडा गेला आणि सप्टेंबरने भरून काढलं, तर तिच्या लेखी वर्ष चांगलं. भाताच्या लेखी नाही.

कोणतं भविष्य, कधीचं?

उत्सर्जनाच्या वेगवेगळ्या वाटा धरून अंदाज काढतात, हे आता बऱ्याच वाचकांना ठाऊक आहे. २१०० च्या जवळ त्या वाटा खूप फाकतात: आयपीसीसीच्या अहवालात २०८१ ते २१०० साठी जागतिक वाढीचा सर्वोत्तम अंदाज कमी उत्सर्जनाच्या वाटेवर (एसएसपी १-२.६) १.८ अंश आहे आणि खूप जास्त उत्सर्जनाच्या वाटेवर (एसएसपी ५-८.५) ४.४. पण २०२१ ते २०४० साठी हेच आकडे १.५ आणि १.६ आहेत. आज ऊस लावायचा की भात, विहीर खोल करायची की शेततळं खणायचं, हे ठरवणाऱ्याला पुढच्या वीस वर्षांसाठी कोणती वाट धरायची हा वादच नाही. त्या काळात खरी अनिश्चितता हवामानाच्या स्वतःच्या चढउतारांची आहे, आणि त्यानंतर मॉडेलां-मॉडेलांतल्या फरकाची. हॉकिन्स आणि सटन या शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये अनिश्चिततेचे हे तीन भाग वेगळे करून दाखवले, तेव्हापासून कोणत्याही अंदाजाला पहिला प्रश्न हाच विचारायला हवा: कोणत्या काळासाठी?

पावसाबाबत मुलांना एक विरोधाभास टोचला. भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात देशाचा मोसमी पाऊस सहा टक्क्यांच्या आसपास घटला, आणि ठळक घट झालेल्या भागांत पश्चिम घाटही आहे. मॉडेलं मात्र शतकाच्या मध्यानंतर वाढ दाखवतात. मग खरं काय? दोन्ही खरं असू शकतं. धुराचे, गंधकाचे बारीक कण सूर्यप्रकाश अडवून जमिनीचं तापणं कमी करतात आणि मोसमी वाऱ्याची ओढ ढिली करतात. गेल्या काही दशकांतल्या घटीत त्यांचा मोठा वाटा मानला जातो. पुढे ते कमी झाले आणि हरितगृह वायू वाढत राहिले तर तोल उलटा फिरतो. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, म्हणून पडेल तेव्हा जोरात पडण्याकडे कल राहणार, याबद्दल मॉडेलांत पावसाच्या एकूण बेरजेपेक्षा जास्त एकमत आहे.

एक सावधगिरी. मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढल्या, हा हवामानशास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा निष्कर्ष आपल्याकडच्या भाषणांत सर्रास येतो. तो अभ्यास १९ ते २६ अक्षांशांमधला आहे, बेळगाव सोळाच्या जरा खाली. दुसऱ्या पट्ट्याचा निष्कर्ष उचलून आपल्या पट्ट्याला लावणं आणि जिल्ह्याची सरासरी शेताला लावणं, या दोन्ही चुका एकाच जातीच्या.

"पाणी वरनं पडत नाही, मागनं येतंय"

हे वाक्य बेळगावजवळच्या येळ्ळूर शिवारातल्या एका जुन्या शेतकऱ्याचं. वर्गातली एक मुलगी विचारत होती, "मामा, पाऊस किती झाला की तुमचं भात बुडतंय?" त्यांनी आकडा दिलाच नाही. बळ्ळारी नाल्याकडे हात केला आणि म्हणाले, "आमच्यात पाणी वरनं पडत नाही बाळ, मागनं येतंय." शहरातलं, वरच्या शिवारातलं सगळं पाणी गाळाने भरलेल्या त्या नाल्यातून येतं आणि नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, केलेलं भात दिवसेंदिवस पाण्याखाली राहतं. त्या शेतावर किती पाऊस पडला याला फारसा अर्थ उरत नाही.

त्या उत्तराने प्रकल्पाची मांडणीच बदलली. आम्ही तोवर प्रत्येक पट्ट्याला स्वतःच्या डोक्यावरच्या आभाळाचा हिशेब विचारत होतो. पण या जिल्ह्यात धोका एका पट्ट्यातून दुसऱ्यात वाहत जातो, आणि तो दोन राज्यांची सीमा ओलांडून येतो. कृष्णा महाबळेश्वरची, दूधगंगा-वेदगंगा कोल्हापूरच्या घाटमाथ्याच्या, हिरण्यकेशी आंबोलीची. घटप्रभेला चंदगडची ताम्रपर्णी मिळते. कोरड्या विभागातले रायबाग-अथणीचे नदीकाठ ज्या पावसावर बुडतात किंवा तहानेले राहतात, तो पाऊस त्यांच्या विभागात तर नाहीच, त्यांच्या राज्यातही पडत नाही.

२०१९ आठवा. उन्हाळ्यात कृष्णेचं पात्र इतकं आटलं की कोयनेतून पाणी सोडावं म्हणून कर्नाटकाला महाराष्ट्राकडे मागणी करावी लागली. ऑगस्टमध्ये त्याच काठांवरून लोकांना बोटींतून काढावं लागलं. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगा पुणे-बेंगळुरू महामार्गावर आली. इकडे मलप्रभेने रामदुर्गपर्यंत हाहाकार केला, आणि तीही कणकुंबीची, पाच हजार मिलिमीटरच्या मुलखातली. अथणीच्या स्वतःच्या पर्जन्यमापकाकडे बघून त्या वर्षीचा पूर कळलाच नसता.

२०२३ याच्या उलट. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला, तूट ३६ टक्के. कर्नाटकाने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. मोसमी पाऊस उशिरा आल्याने बेळगाव शहराला पाणी देणाऱ्या राकसकोप जलाशयाने तळ गाठला होता. राकसकोप छोटा आहे, त्याला वर्षाच्या बेरजेने नव्हे तर जूनच्या उशिराने मार बसतो. हिडकल, म्हणजे घटप्रभेवरचं ५१ टीएमसीचं (अब्ज घनफुटांचं) धरण, त्यामानाने एखादा खराब महिना सोसू शकतं. एकाच शहराचे हे दोन पाणीसाठे भविष्याला दोन वेगळे प्रश्न विचारतात.

म्हणून आम्ही तालुक्यांच्या सीमा पुसल्या आणि पाणलोटांच्या आखल्या. अथणीसाठी शिरोळकडच्या राजापूर बंधाऱ्याच्या वरचं सगळं कृष्णा खोरं घेतलं. निपाणी-चिकोडीसाठी दूधगंगा-वेदगंगेचं. सौंदत्ती-रामदुर्गसाठी खानापूरचा मलप्रभेचा माथा. मग प्रत्येक ठिकाणाला दोन ओळी दिल्या: "स्वतःचा पाऊस" आणि "आलेलं पाणी". पहिल्या ओळीत दुष्काळाचे, पावसातल्या खंडांचे, उष्म्याचे प्रश्न गेले. दुसरीत पुराचे आणि नदीवरच्या उपशाचे. मॉडेलांचा बदल प्रत्येक ओळीला वेगळा लावला, आणि एका आकड्याऐवजी सगळ्या मॉडेलांचा पसारा लिहिला.

सर्वांत मोठी अडचण आकड्यांची झाली. कर्नाटकात १९८८ पासून दुष्काळ निरीक्षण कक्ष आहे, त्याचीच पुढे राज्य नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्र ही संस्था झाली, आणि आज ग्रामपंचायत पातळीवर तिचे स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत. ही फार चांगली सोय आहे. पलीकडे महाराष्ट्रात महावेधची केंद्रं महसूल मंडळांत आहेत. पण दोन जाळी सीमेवर एकमेकांना भेटत नाहीत. चंदगडचं एक केंद्र आणि बेळगाव तालुक्यातलं एक केंद्र हाकेच्या अंतरावर असलं तरी त्यांचे आकडे एका तक्त्यात आणायला मुलांना फार कष्ट पडले. दोन्ही राज्यांचे हवामान कृती आराखडे आहेत आणि दोन्ही आपापल्या सीमेपर्यंतच बघतात. इथल्या नद्यांना हे परवडणारं नाही. सीमाप्रश्नावर माझी मतं ठाम आहेत, पण पर्जन्यमापकांचे आकडे एकत्र ठेवायला कोणत्याही निकालाची वाट पाहायची गरज नाही.

तक्ता घेऊन गावात

तयार तक्ते घेऊन मुलं आपापल्या गावी गेली. खानापूरकडे प्रश्न आले ते धूळवाफ पेरणीचे, म्हणजे पावसाआधी कोरड्या जमिनीत भात पेरण्याचे. वळीव चुकला आणि मृग कोरडा गेला तर पेरलेलं भात वाया जातं, मग रोपं करून नट्टीच करावी का? याला मॉडेलकडे नेमकं उत्तर नाही. आम्ही एवढंच सांगू शकलो की पावसाची सुरुवात वर्षावर्षाला आजच्यासारखीच, किंवा त्याहून जास्त, मागेपुढे होत राहील. त्यामुळे सगळं शिवार एका पद्धतीवर टाकू नये.

येळ्ळूर-शहापूरच्या काळ्या जमिनीत भातानंतर मसूर होतो. जमिनीतल्या ओलीवर आणि थंडीवर वाढणारं हे पीक, फुलोऱ्याच्या वेळी उष्मा वाढला की शेंगा कमी धरतं. पावसाबाबत मॉडेलांत मतभेद आहेत, तापमानाबाबत नाहीत. देशाचं सरासरी तापमान १९०१ ते २०१८ दरम्यान ०.७ अंशाने वाढलंच आहे. म्हणून मला पुराच्या बातम्यांइतकीच या मसुराची काळजी वाटते. त्याच्यासाठी कोणी पंचनामा करायला येत नाही, तो फक्त दर वर्षी थोडा कमी होत जातो.

मलप्रभेच्या माथ्यावर आणखी एक गुंता आहे, गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवण्याचा. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. अशा वाटपांत ७५ टक्के विश्वासार्हतेचा प्रवाह धरतात, म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी निदान एवढं पाणी असेलच असा हिशेब. तो हिशेब मागच्या वर्षांच्या प्रवाहावरून येतो. पुढची वर्षं मागच्यांसारखी नसतील तर पंचाहत्तर हा आकडाच बदलतो, आणि तो गोव्यासाठी, खानापूरच्या जंगलासाठी आणि मलप्रभेवरच्या नविलुतीर्थ धरणातून पाणी पिणाऱ्या हुबळी-धारवाडसाठी एकाच वेळी बदलतो. तिन्ही बाजूंनी लढणाऱ्यांनी हा प्रश्न आपल्या वकिलांपुढे ठेवायला हवा.

अथणीच्या तक्त्यातली दुसरी ओळ अजून अर्धीच भरली आहे. घाटमाथ्यावरच्या पावसातला बदल त्यात लिहिता आला, पण कोयना १०५ टीएमसीचं धरण आहे आणि खाली अलमट्टी १२३ टीएमसीचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वरचं धरण किती भरलेलं आहे आणि खालचे दरवाजे कधी उघडतात, यावर नदीकाठची पातळी ठरते. ते कोणतंही हवामान मॉडेल सांगणार नाही. दोन्ही धरणांच्या रोजच्या साठ्याच्या आणि विसर्गाच्या नोंदी जुळवायचं काम यंदाच्या वर्गाने घेतलं आहे. सुरुवात २०१९ च्या जुलैपासून केली आहे.